तबलजींची खोली

बकुळाबाईच्या वाट्याला आयुष्यात निवडायला म्हणून फारसं काही आलं नव्हतं. नवरा वडिलांनी पाहिला. काळाचौकीची खोली सासऱ्यांनी गिरणीत लागल्या वर्षीच घेऊन ठेवलेली. मुलीचं सुनेत्रा हे नाव शाळेतल्या बाईंनी घातलं, कारण घरात ठेवलेलं नाव त्यांना हजेरी घेताना जड जात होतं. देव म्हणाल तर ते गावाहून सासूबाईंच्या ओच्यात आले आणि चुलीवरच्या फळीवर बसले. तिनं निवडले ते तांदूळ, मेथी आणि बाजारातले बोंबील. त्यात मात्र तिचा हात धरणारं अख्ख्या चाळीत कुणी नव्हतं.

अशा बकुळाबाईला चाळिशी उलटल्यावर एकाएकी एक लॉज निवडायची वेळ आली.

झालं असं की त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. सुनेत्राचं लग्न वैशाखातच झालेलं, म्हणजे जावयाला अधिक मासाचं वाण पहिल्यांदाच द्यायचं. तीस आणि तीन अनारसे, वर दिवा, आणि लक्ष्मी-नारायण म्हणून दोघांना पाटावर बसवायचं. जावई बेळगावचे. जयवंतराव तिथं एका कापडाच्या दुकानात गादीवर बसत. त्यांना शनिवार-रविवार मोकळा मिळाला आणि दोघं येतो म्हणून निरोप आला. बकुळाबाईनं अनारशाचे तांदूळ भिजत घातले आणि मग तिच्या लक्षात आलं की माणसं दोन रात्री राहणार, ती झोपणार कुठं?

खोलीत ती, दत्ताराम, दोन मुलगे आणि गिरणीत लागलेले दोन दीर. दिरांच्या पाळ्या उलटसुलट होत्या. एक कामावरून यायचा तेव्हा दुसरा उठायचा, त्यामुळे त्या वळकटीला गार व्हायला कधी सवड मिळाली नव्हती.

"गच्चीवर झोपतीत," दत्ताराम म्हणाला.

"पावसात?"

"मग व्यायामशाळेत सांगतंय. पोरां जागा करून देतीत."

"जावयाक मुदगलांच्या बाजूक निजवतलास?"

दत्तारामनं विडी विझवली. तो गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कोपरासभांना सतरंज्या अंथरायला जायचा, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला काहीतरी ठराव हवाच, अशी त्याला सवय झाली होती. "मग लॉजात ठेवूया," तो म्हणाला. "आताशा ठेवतत लोक."

बकुळाबाईला ते ऐकूनच कसंतरी झालं. जावयाला लॉजवर ठेवायचं म्हणजे सासऱ्यानं दाराबाहेर काढलं असंच की. पण घरात ठेवावं तर विहीणबाईंचं म्हणणं खरं ठरत होतं. लग्नात पंगत उठल्यावर विहीणबाई हसत हसत म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडं पाय पसरायला जागा हाय न्हवं? आमच्या जयवंताला झोपेत हात फेकायची सवय हाय." हसत म्हटलेलं होतं म्हणूनच ते विसरता येत नव्हतं. त्यात बकुळाबाईनं स्वतःही एक करून ठेवलं होतं. मुलीला पोचवायला ती बेळगावला गेली, आणि मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही ही रीत तिनं अशी काही पाळली, की तहान लागल्यावर शेजारच्या देवळात जाऊन पुजाऱ्याकडे ओंजळभर तीर्थ मागितलं. विहीणबाईंनी ते माडीवरून पाहिलं होतं.

तेव्हा आता लॉज शोधायचा तो असा की जावयाला घरच्यासारखं वाटलं पाहिजे. भपका नको, धर्मशाळाही नको. दत्ताराम म्हणाला, "तूच बघ. माका फक्त खंय ता सांग."

लॉज बघायला ती एकटी कशी जाणार, म्हणून शेजारच्या सुंदराबाईला बरोबर घेतलं. सुंदराबाई सातारकडची. वयानं मोठी, जिभेनं त्याहून मोठी. ती नऊवारीचा काष्टा घट्ट करून म्हणाली, "चल. माणूस बघितल्याबिगर म्या तर म्हस बी घेतली न्हाई कधी."

पहिल्यांदा दोघी भोईवाड्याला गेल्या, कारण ते चालत जाण्याजोगं होतं. कोर्टासमोरचा लॉज. आत शिरल्या तर ओसरीवर दहाबारा माणसं कापडात बांधलेली कागदपत्रं मांडीवर घेऊन बसलेली. गल्ल्यावरच्या माणसानं वर न बघताच विचारलं, "दिवाणी का फौजदारी?"

"जावई," बकुळाबाई म्हणाली.

"वाटणीचा दावा असेल तर तारखा लांबतात. महिन्याच्या बोलीवर घ्या, स्वस्त पडेल."

तेवढ्यात ओसरीवरच्या एका म्हाताऱ्यानं त्यांना बसायला जागा करून दिली आणि आपल्या बांधाची हकिगत सांगायला घेतली. माणूस गोड होता. बांध आजोबांच्या वेळचा होता. दोघी उठल्या तेव्हा हकिगत वडिलांपर्यंत आली होती.

"चांगली मानसं हायती," बाहेर आल्यावर सुंदराबाई म्हणाली. "पर दोन दिसात तुझा जावई साक्षीला हुबा ऱ्हाईल."

दुसरा लॉज दादरला, स्टेशनजवळ, नवाकोरा. खाटेला स्प्रिंगा, भिंतीत आरसा, उशाशी घंटीचं बटण. मॅनेजरला टाय होता. बकुळाबाईला आरसा फार आवडला. त्यात ती पहिल्यांदाच पदरापासून पायापर्यंत एकदम दिसली होती. सुंदराबाईनं खाटेवर बसून दोनदा वरखाली होऊन बघितलं आणि म्हणाली, "ह्ये तर बैलगाडीगत हादरतंय."

"इथं देवाचा फोटो नाही कुठं?" बकुळाबाईनं विचारलं.

"सर्व धर्मांचे लोक उतरतात बाई," मॅनेजर म्हणाला. "आणि एक सांगतो, बाहेरचं खाणं खोलीत आणायला मनाई आहे. मुंग्या होतात."

"अनारसे?"

"अनारशांना तर जास्तच."

पण खोली झकपक होती. विहीणबाईंना सांगताना बरी वाटली असती.

तिसरी जागा तिला कीर्तनकारबुवांकडून कळली. एकादशीला ती गिरगावात कीर्तनाला जायची. तिथले बुवा मुंबईत आले की मीराबाईंकडे उतरत. एका अरुंद वाडीत तीन मजली लाकडी घर. जिन्याला कठड्याऐवजी जाड दोर. वर गेलं की लांब गॅलरी, आणि गॅलरीत आरामखुर्चीवर जाड भिंगांचा चष्मा लावून तांदळातले खडे काढत बसलेल्या मीराबाई. तांदूळ त्या दोन बोटांनी दाबून बघत. बकुळाबाईला तेवढ्यावरून बाई ओळखीची वाटली.

खोल्यांना नंबर नव्हते. जो पाहुणा जिथं सगळ्यांत जास्त राहिला त्याच्या नावानं ती खोली. बुवांची, देवगडच्या मास्तरांची, फेटेवाल्यांची. "सध्या तबलजींची रिकामी आहे," मीराबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं राहिले. मुलानं न्यायला येऊन येऊन शेवटी नेलं."

खोलीत एक खाट, खुंट्या, कोनाड्यात गणपती आणि मधोमध पितळी कड्यांचा झोपाळा. झोपाळ्याच्या फळीचं पॉलिश दोन्ही बाजूंना गोल गोल घासून गेलं होतं. मीराबाई म्हणाल्या, "बसले की बोटं चालायची त्यांची. मी पुन्हा पॉलिश करणार होते. मग नाही केलं."

"अनारसे चालतील?" बकुळाबाईनं जरा भीतभीतच विचारलं.

"मला एक ठेवायचा. आणि हे बघा, खोली तुम्हाला पसंत पडली हे ठीक. पण मी माणूस बघितल्याशिवाय देत नाही. तुम्हाला बघितलं. जावयांना बघेन. नाही पटले तर परत नेण्याची तयारी ठेवा."

जिना उतरताना सुंदराबाई दोराला धरून हसत सुटली. "आगं, पोरगी दाखवताना बी येवढा जाच नसतो."

आता आली पंचाईत. बकुळाबाईचं मन गिरगावच्या झोपाळ्यावर बसलं होतं आणि डोकं दादरच्या आरशात अडकलं होतं. दादरला ठेवलं तर जावई म्हणतील, हॉटेलात टाकलं. गिरगावला ठेवलं तर म्हणतील, जुन्या बाजारात टाकलं. अशा वेळी गावी माणूस काय करतं? देवाला कौल लावतं.

त्यांच्या गावचा गुरव कोंडीराम मुंबईतच होता. गिरणीत साच्यावर उभा राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी गाववाल्यांची गाऱ्हाणी घालायचा. पण तो गेला होता गावी, शेताच्या कामाला. मीराबाईंना तर उद्या सांगायचं होतं. बकुळाबाईनं विचार केला, देव तोच, नारळ तोच, आपण का लावू नये? अंघोळ करून तिनं पाटावर तांदूळ मांडले, त्यावर नारळ ठेवला, आणि तगरीच्या दोन पाकळ्या ओल्या करून नारळाला एक इकडे, एक तिकडे चिकटवली. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सुंदराबाईला हाताशी बसवलं.

"मी गाऱ्हाणां घालतंय. तू मधी मधी 'व्हय म्हाराजा' म्हण."

"कवा म्हनू?"

"मी थांबलंय की."

बकुळाबाईनं पदर डोक्यावर घेतला. "बा देवा, गावच्या गांगेश्वरा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या तुझ्या लेकरान जावयाच्या राहण्याचो इचार केलेलो आसा."

"व्हय म्हाराजा."

"तर गिरगावात मीराबाईच्या लॉजात, त्या तबलजीच्या खोलयेत, माझ्या जावयाक घरच्यासारख्या वाटात तर उजवी दी, नाय तर डावी दी."

"व्हय म्हाराजा. आन् त्यो आरसा काय उपेगाचा न्हाई म्हाराजा."

"तू गप ऱ्हव गो."

दोघी नारळाकडे टक लावून बसल्या. तव्यावरचा वास यायला लागला तेव्हा बकुळाबाई उठून भाकरी उलटून आली. तिच्या उजव्या हाताच्या बाजूची पाकळी थोडी सरकली, थांबली, आणि मग अलगद तांदळावर पडली. बकुळाबाईनं जमिनीला डोकं टेकवलं. एका क्षणात सगळं हलकं झालं.

शनिवारी सकाळी जयवंतराव आणि सुनेत्रा दादरला उतरून काळाचौकीला आले. चाळीनं त्यांना जिन्यातच गाठलं. बेळगावचा जावई म्हणजे चाळीच्या लेखी सीमेवरून आलेला माणूस. व्यायामशाळेच्या पोरांनी हार घातला, "बेळगाव-कारवारसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशी घोषणा दिली, आणि मग खोलीत जो येईल तो बेळगावच्या परिस्थितीबद्दल विचारू लागला. जयवंतराव उंच, शांत, मांडी घालून बसले तरी दिव्याच्या वायरला डोकं लागेल असे. ते एवढंच म्हणत, "चाललंय."

वाण झालं. दिवा लावलेलं अनारशाचं ताट हातात घेऊन त्यांनी नमस्कार केला. जेवले. विचारलं की म्हणत, "ठीक आहे." आणखी वाढू का म्हटलं तरी ठीक आहे, पुरे का म्हटलं तरी ठीक आहे. दत्तारामनं घसा साफ करून लॉजचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकदा सुनेत्राकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे."

संध्याकाळी त्यांना पोचवून दत्ताराम परत आला. "म्हातारीन पसंत केल्यान," त्यानं सांगितलं. "म्हणता कशी, पोरगा घुम्या आहे, पण चपला जोडीनं भिंतीला लावून ठेवतो. चालेल."

"आणि जावईबापू काय म्हणाले?"

"ठीक आहे म्हणाले."

रविवारी दुपारी दोघं जेवायला यायची होती. बकुळाबाईनं सकाळीच पुरणाची डाळ चढवली. एवढ्यात दारात कोंडीराम उभा. पहाटे एस.टी.नं उतरला होता, अंगाला अजून ओल्या मातीचा वास होता. अनारसा खाता खाता त्यानं कौलाची हकिगत ऐकली आणि त्याचा घास थांबला.

"उजवी पडली म्हणतंस. कोणाची उजवी?"

"माझी. मी हय बसलंय, नारळ थय."

"बकुळा, कौल देवाचो. उजवी ती देवाची. देव आपल्याकडे तोंड करून बसलेलो, मगे त्येची उजवी ती तुझी डावी न्हय काय?"

बकुळाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. जन्मभर तिनं गावच्या देवळात कौल लागताना ऐकला होता. पण बायका मागे, खांबाच्या पलीकडे. पुढे पुरुषांच्या पाठी. उजवी पडली की गलका व्हायचा तेवढा कानावर यायचा. कुठली पाकळी पडली ते बायकांना कधी दिसलंच नव्हतं.

"म्हणजे देवान नाय म्हटल्यान?"

"चक्क नाय म्हटल्यान," कोंडीराम म्हणाला, आणि उरलेला अनारसा तोंडात टाकला. "तुझो अनारसो मात्र झकास जाळीचो."

कालचे सगळे "ठीक आहे" बकुळाबाईच्या कानात एकदम वाजायला लागले. देवानं स्पष्ट नाही म्हटलेल्या जागी आपण लक्ष्मी-नारायणाला रात्रभर ठेवलं. तिनं डाळ सुंदराबाईच्या हवाली केली. "शिजली की उतर. मी दोघांक दादरच्या खोलयेत हलवतंय आणि येतंय." सुंदराबाई म्हणाली, "आगं, आरशात काय भाकर भाजायची हाय का?" पण तोवर बकुळाबाई जिना उतरली होती.

ट्रामनं ती गिरगावात आली, दोराला धरून वर गेली. मीराबाई गॅलरीत होत्या. "दोघं चौपाटीकडे गेलीत," त्या म्हणाल्या. "येतील. तबलजींच्या खोलीत बसा. तुमचा चेहरा का असा? पाणी घ्या आधी."

"तसं काय नाही. त्यांना दुसरीकडे हलवायचं म्हणत होते."

"का? ढेकूण चावले?"

देवाचं नाव सांगायची बकुळाबाईला लाज वाटली. ती नुसतीच खोलीत जाऊन बसली. बसायला झोपाळाच होता. जावयाच्या खाटेवर कशी बसणार? खुंटीवर जयवंतरावांचा सदरा, त्याच्या शेजारी सुनेत्राच्या साडीचा पदर लोंबलेला. कोनाड्यातल्या गणपतीला कुणीतरी जास्वंद वाहिली होती. ती सुनेत्रानं वाहिली हे देठ तोडण्यावरून कळत होतं. बकुळाबाईनं मनाशी म्हटलं, डाळ उतरली असेल. मग म्हटलं, सुंदरा गूळ कमी घालते. पायाच्या अंगठ्यानं तिनं झोपाळ्याला सहज रेटा दिला. कडी कुरकुरली. हात फळीवर टेकले ते नेमके त्या दोन घासलेल्या जागांवर, आणि त्या जागा हातांना अशा बसल्या की जणू ते तिचेच हात होते. खोलीत कुणीही नव्हतं. खोलीत कुणीही नाही असं तिच्या आयुष्यात लग्नानंतर कधी झालं होतं, ते आठवायला तिनं डोळे मिटले.

जाग आली तेव्हा उन्हाची पट्टी भिंतीवरून खाटेच्या पायापर्यंत आली होती. अंगावर सुनेत्राची शाल होती. डोक्याखाली उशी. दार लोटलेलं, आणि बाहेर जिन्यात कुणीतरी हळू आवाजात सांगत होतं, "बुवा, जरा चिपळ्या थांबवा की. मामी झोपल्यात."

बकुळाबाई ताडकन उठून बसली. झोपाळा हलला, कडी वाजली, दारातून सुनेत्रा आत आली.

"गो बाय माझे, किती वाजले? डाळ."

"दुपार झाली आई. बाबांना निरोप धाडलाय. जेवण रात्री करू म्हणाले."

"जावईबापू जेवले?"

"जेवलो आम्ही. मीराबाईंनी पिठलं-भात घातला."

बकुळाबाईनं कपाळावर हात मारला. धोंड्याचा महिना, जावई पहिल्यांदा आलेला, आणि सासू त्याच्या झोपाळ्यावर झोपली म्हणून तो लॉजात पिठलं जेवला. यापुढे विहीणबाई जे काही बोलतील ते कमीच. सुनेत्रा मात्र तोंड दाबून हसत होती, आणि मग तिनं तोंडावरचा हात काढला आणि मोकळेपणी हसली, लहानपणी हसायची तसं, मागे रेलून.

जयवंतराव उंबऱ्याशी आले. आत यायचं की नाही अशा बेतानं थांबले. सासू झोपलेली आहे म्हणून ते सगळा वेळ जिन्याच्या पायरीवर बसले होते, वर्तमानपत्र दोनदा वाचून झालं होतं.

"जावईबापू, चुकलं माझं," बकुळाबाई म्हणाली. "एक तर तुम्हाला घरात ठेवलं नाही."

जयवंतरावांनी वर्तमानपत्राची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "खरं सांगू काय मामी? काल मला राग आलेला. तुम्ही आमच्या घरचं पाणी घेतलं नाही, देवळात तीर्थ मागून प्यायलात. आई म्हणाली, रीत असते. असंल म्हटलं. पण मग इथं आलो तर तुमच्या घरात झोपायलाही नको. म्हटलं, ह्यांना आपलं काहीच चालत नाही, का काय?"

"मग बोललात नाही ते?"

"सगळी बेळगावचंच विचारत होती की. त्यात आपलं कुठं घुसवायचं." ते आता उंबऱ्यावरच बसले. "मग रात्री हिच्या लक्षात आलं. म्हणाली, आपल्याशेजारी कुणी नाही. आमचं घर मोठं, पण माणसं सतरा. तिथं ही हसली तर तोंडावर पदर घेऊन. काल रात्री ही झोपाळ्यावर बसून एवढी हसली की मीराबाईंनी खालून काठी ठोकली. आणि आज येऊन बघतो तर तुम्ही झोपलेल्या. हिच्यासारख्याच, गालाखाली हात घेऊन. मग मला कळलं, तुमच्याकडं जागा नाही म्हणजे काय नाही ते."

सुनेत्रानं कोपऱ्यातलं झाकलेलं ताट पुढे ओढलं. "तुझं ठेवलंय. पिठलं मी केलं, मीराबाईंच्या चुलीवर. बस."

बकुळाबाईनं हात मागे घेतला. सवयीनंच घेतला. मुलीच्या हातचं, मुलीच्या बिऱ्हाडी. जयवंतरावांनी ते पाहिलं आणि नजर गॅलरीकडे वळवली.

"आई," सुनेत्रा म्हणाली, "हे काय माझं घर आहे? भाड्याची खोली. तीही तबलजींची."

बकुळाबाई ताटाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे नारळ आला, आणि तिचेच शब्द आले. जावयाला घरच्यासारखं वाटेल का, असं तिनं विचारलं होतं, आणि देवानं स्वच्छ सांगितलं होतं, नाही. ना तिच्या घरासारखं, ना विहिणीच्या. देवानं काही चुकीचं सांगितलं नव्हतं, तिनंच विचारताना चुकवलं होतं. घरच्यासारखं असतं तर सुनेत्रा अशी हसली नसती, जावई उंबऱ्यावर बसून बोलले नसते, आणि हे ताट तिला घेताच आलं नसतं.

"हसतेस कशाला?" सुनेत्रानं विचारलं.

"काय नाय. देवाक हसतंय," ती म्हणाली आणि पाटावर बसली.

पिठल्यात मीठ किंचित जास्त होतं. तिनं ते सांगितलं नाही. अर्ध्या जेवणात ठसका लागला तेव्हा जयवंतराव उठले, गॅलरीतल्या माठातून पाणी आणलं आणि तांब्या तिच्यापुढे धरला. बकुळाबाईनं गणपतीकडे एकदा बघितलं. मग तांब्या घेतला आणि थेट वरून, घटाघटा, निम्मा रिकामा केला. जयवंतराव तांब्याकडे बघत होते. ते पहिल्यांदाच ठीक आहे असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "आणखी आणू?"

"आणा," बकुळाबाई म्हणाली.

दादरला हलवायचं कुणी बोललंच नाही. रात्री काळाचौकीच्या खोलीत धोंड्याचं जेवण झालं. पुरणात गूळ कमी होता, पण सुंदराबाईला ते कुणी बोललं नाही. जयवंतराव मात्र आता बोलू लागले होते आणि व्यायामशाळेच्या पोरांना बेळगावच्या कुंद्याचे प्रकार सांगत होते, त्यामुळे पोरांचा बराच हिरमोड झाला. नऊच्या सुमारास दोघं पुन्हा गिरगावला गेली, स्वतःहून, ट्रामनं.

कोंडीराम जेवून सुपारी कातरत बसला होता. त्याला राहवेना. "बकुळा, देवाक नारळ ठेवून चूक कबूल करूया. उलटो कौल घेतलंस तू."

"कौल सरळच होतो," बकुळाबाई म्हणाली. "मीच उलट्या बाजूक बसलेलंय." आणि तिनं तो कौलाचाच नारळ फोडला, अर्धी वाटी देवापुढे ठेवली, अर्धी मीराबाईंसाठी अनारशाच्या पुडीत घातली.

निजानीज करताना दत्तारामनं वळकटी सोडली. धाकटा दीर पाळीवर गेला होता, थोरला यायचा होता. बकुळाबाई फळीखालची निरांजनं पुसत म्हणाली, "आयकलास? पुढच्या अधिकात जावईबापू हय झोपतीत."

"आणि आपण खंय?"

"तबलजींच्या खोलयेत. दोन दिवस."

दत्ताराम विडी पेटवायची विसरला. गिरणीतल्या वीस वर्षांत, रविवार आपल्या दोघांसाठी असू शकतो, असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. "गो, पण अधिक येवक अजून तीन वर्सां. त्याच्या अगुदर नाय मिळाची खोली?"

"मिळात. पण मीराबाई माणूस बघितल्याशिवाय देणत नाय."

पुढच्या रविवारी समितीची सभा होती. दत्तारामनं सतरंज्यांचं काम दुसऱ्याला लावून दिलं, गुळगुळीत दाढी केली, लग्नातली टोपी घातली आणि चपला पुसून घेतल्या. दारातून निघताना त्या त्यानं एकदा भिंतीला जोडीनं लावून बघितल्या, नीट दिसतायत का ते.